तबल्यावर कोण?

लग्नाच्या पंगतीत मानाचे पाट ठरलेले असतात, तसे ते लांब तबकडीवरच्या गाण्यांतही असतात. बारा-चौदा गाण्यांपैकी दोन-तीन गाणी व्याह्यांसारखी मधोमध बसतात. त्यांची विचारपूस सारेच करतात, रेडिओवाले त्यांना आग्रह करकरून वाढतात आणि वरातीतला बँडवालाही त्यांनाच ओळखतो. उरलेली गाणी मागच्या पंगतीला. ती कधी आली, कधी जेवली आणि कधी उठून गेली, याचा यजमानालाही पत्ता नसतो. मला स्वतःला या मागच्या पंगतीत बसायला आवडते. तिथे आग्रह कमी होतो हे खरे. पण गप्पा मोकळ्या होतात, आणि कधीकधी वाढपीही आपल्या ओळखीचा निघतो.

अशाच मागच्या पंगतीतल्या एका गाण्याविषयी आज लिहायचे आहे. गाणे इंग्रजी आहे. लिव्हरपूलच्या चार पोरांच्या आणि पुढे साऱ्या जगाला वेड लावणाऱ्या बीटल्स या वाद्यवृंदाचे ते आहे. हुपरीसारख्या चांदीच्या गावात वाढलेल्या माणसाला ही उठाठेव कुणी सांगितली, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. सांगितली कुणीच नाही. पण ज्या गावात माणसे दिवसभर आवाज करणारे दागिने घडवतात, तिथल्या माणसाचे कान थोडे आगाऊ असायचेच.

5 ऑगस्ट 1966 रोजी इंग्लंडमध्ये बीटल्सची ‘रिव्हॉल्व्हर’ ही तबकडी निघाली. तिच्यावर चौदा गाणी होती. त्याच दिवशी ‘एलिनॉर रिग्बी’ आणि ‘यलो सबमरीन’ या तिच्यातल्या दोन गाण्यांची छोटी तबकडीही वेगळी काढण्यात आली. म्हणजे मानाचे पाट पहिल्याच दिवशी मांडले गेले. आमचे गाणे पहिल्या बाजूवर चौथे. नाव ‘लव्ह यू टू’, कर्ता आणि गायक जॉर्ज हॅरिसन, लांबी जेमतेम तीन मिनिटे. ते वेगळ्या तबकडीवर निघाले नाही, आणि बीटल्सनी ते रंगमंचावर कधी म्हटलेही नाही. त्याच ऑगस्टच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोला त्यांनी शेवटचा जाहीर जलसा केला आणि दौऱ्यांचा धंदाच बंद करून टाकला. त्या वर्षीच्या दौऱ्यात या नव्या तबकडीवरचे एकही गाणे नव्हते. तेव्हा हे गाणे जन्मले ते तबकडीवर, आणि राहिलेही तिथेच.

ते सुरू होते तालाशिवाय. सतारीच्या तारांवरून कुणी सहज बोट फिरवावे तसा एक झणत्कार वरून खाली उतरतो. मग दोन-चार स्वर चाचपडत पुढे येतात. याला आलाप म्हणायचे तर म्हणावे; पण एवढ्या वेळात आपल्या गवयाची तंबोऱ्याची एक खुंटीही नीट पिळून होत नाही. मग तबला येतो, आणि तो आला की गाण्याला पाय फुटतात. हॅरिसनचा आवाज सपाट, किंचित कुरकुरा. दिवस भराभर जातात, आयुष्य थोडे आहे, जवळ आहोत तोवर प्रेम करून घ्यावे, असा साधाच उपदेश तो करतो आणि जाता जाता जगातल्या लबाडांना एक टोलाही हाणतो. मध्येच विजेच्या गिटारीची घरघर ऐकू येते. शेवटी लय एकदम वाढते, सतार आणि तबला हातात हात घालून पळू लागतात, आणि कुठे पोचायच्या आतच सारे विरून जाते.

एवढेच ते गाणे. ते थोर आहे असा माझा दावा नाही. पण आमच्या घरात त्याने एक प्रश्न उभा केला, आणि तो प्रश्न समजण्यासाठी आधी आमचे घर समजले पाहिजे.

आमचे हुपरी हातकणंगले तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेला जवळजवळ खेटून. भोवती उसाचे रान आहे, यळगुडाच्या बाजूला सहकारी साखर कारखाना आहे. पण गावाची ओळख विचाराल तर ती चांदी. पैंजण, छुमछुम, तोरड्या, वाळे, करदोडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हा धंदा इथे रुजला आणि रेंदाळ, पट्टणकोडोली, यळगूड आणि सीमेपलीकडचे मांगूर अशा गावांत पसरला. एक पैंजण एका माणसाच्या हातून कधी होत नाही. एकजण मुशीत चांदी आटवतो आणि लगड ओततो. दुसरा ती जंत्रीच्या भोकांतून ओढून ओढून तार बारीक करतो. तिसरा कड्या पाडतो. त्या कड्या एकीत एक गुंतवून साखळी जोडायचे काम बहुधा घरातल्या बायकांचे. मग कुणी जोड झाळतो, कुणी घुंगरू बसवतो, आणि सगळ्यांत शेवटी रिठ्याच्या पाण्यात दागिना उजळतो. व्यापाऱ्याची चांदी घ्यायची, माल करून द्यायचा आणि वजनावर मजुरी घ्यायची. असे काम करणाऱ्यांना आमच्याकडे धडी उत्पादक म्हणतात. माल जातो राजस्थानात, उत्तरेत, गुजराथेत, तमिळ मुलखात. तो कुणाच्या पायात वाजतो हे आम्हांला ठाऊक नसते, आणि तो कुणी घडवला हे त्या पायांना.

माझे चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, तार ओढण्याच्या कामाचे. गुरुवारी रात्री दत्ताच्या देवळात भजनाला तबला वाजवणारेही तेच. तबला ते कुणा उस्तादाकडे शिकले नव्हते. पण कोल्हापूर जवळ. जिथे शाहू महाराजांच्या आश्रयाला अल्लादियाखाँसाहेब राहिले, जिथे 1883 पासून देवल क्लब गाणे ऐकतो आहे, त्या शहराची हवा वीस-पंचवीस मैलांपर्यंत तरी पसरणारच. तात्या सायकलवरून जलशांना जात, मागे उभे राहून ऐकत आणि रात्रीच परत येत.

1963 साली सांगलीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि आमच्या माडीवर रेडिओ आला. काम करता करता तो चालूच असे. शास्त्रीय गायन संपले की निवेदिका शांत आवाजात सांगे : यांना तबल्यावर साथ केली अमक्यांनी, संवादिनीवर तमक्यांनी. साधारण माणूस तेवढ्यात रेडिओचा कान पिळतो. तात्यांचे उलटे. गाणे चालू असताना त्यांचे हात चालू असत. या वाक्याला मात्र हात थांबे. त्यांच्या लेखी मैफल गाणे संपल्यावर संपत नसे, नावे वाचून झाली की संपे.

पण सिनेमाच्या गाण्यांत ही सोय नव्हती. गाणे संपे आणि पुढचे सुरू होई. मग तात्या उगाचच आम्हां पोरांना विचारत, “तबल्यावर कोण?” आम्ही गाणाऱ्याचे नाव सांगत असू. त्यावर ते म्हणत, “त्येचं नाव जगाला ठावं हाय. त्येला उभा कुणी केला, ते इचारतोय मी.”

या एका बाबतीत तात्यांचे दुखणे फार जुने आहे. ‘महल’ हा चित्रपट 1949 सालचा. त्यातल्या ज्या गाण्याने लता मंगेशकरांचा आवाज घराघरांत पोचला, त्याच्या तबकडीवर गायिकेच्या नावाच्या जागी चित्रपटातल्या पात्राचे नाव होते, ‘कामिनी’. जिथे गाणारीची ही कथा, तिथे वाजवणाऱ्याला कोण पुसतो? मुंबईच्या चित्रपटसंगीताचा केवढा तरी डोलारा गोव्याहून आलेल्या वादकांनी आणि स्वरलेखन करणाऱ्यांनी खांद्यावर धरला होता. त्यांतले अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 1977 सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये शिष्याने गुरूचे नाव एका विनोदी गाण्यात बसवले आणि देशभर ते पोराबाळांच्या तोंडी झाले. नाव सर्वांना पाठ, पण असा माणूस खरोखर होता हे फार थोड्यांना ठाऊक. नशीब म्हणायचे ते असे.

1985 च्या सुमारास मी कोल्हापुरात शिकत होतो. वसतिगृहातल्या एका मित्राच्या थोरल्या भावाने मुंबईहून त्याला एक कॅसेट भरून पाठवली होती. वर शाईने लिहिले होते ‘रिव्हॉल्व्हर’, आणि आत चिठोऱ्यावर गाण्यांची नावे. दिवाळीच्या सुट्टीत मी ती घरी आणली. शेजारच्यांचा टेपरेकॉर्डर मागून घेतला आणि माडीवर लावला. दिवाळी म्हणजे आमच्याकडे कामाची झुंबड. तात्या जंत्रीशी झोंबत होते. आई कोपऱ्यात मांडीवर पाटा घेऊन कड्या जोडत होती. तिच्यासमोर ताटलीत कड्यांचा ढीग आणि दुसऱ्या ताटलीत झालेली साखळी, अशी तिची दुपार या ताटलीतून त्या ताटलीत जात असे.

पहिल्या गाण्याकडे कुणी लक्ष दिले नाही. दुसऱ्याला तात्या म्हणाले, “सारंग्या बऱ्या हाईत.” ती व्हायोलिने आणि चेलो होते, पण मी मध्ये बोललो नाही. तिसरे असेच गेले. चौथ्याचा तो झणत्कार आला तेव्हा तात्या हसले. “सतार लावतोय का मोडतोय रं ह्यो?” आणि तेवढ्यात तबला सुरू झाला.

तात्यांचा हात थांबला. त्यांनी तार सोडली, मांडीवर बोटे ठेवली आणि मोजू लागले. गाणे संपले तेव्हा म्हणाले, “सोळा मात्रा. परत लाव.” मी परत लावले. तिसऱ्यांदाही लावले. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पण या वेळी तो नेहमीसारखा थट्टेचा नव्हता.

“तबल्यावर कोण?”

चिठोऱ्यावर गाण्याच्या नावापलीकडे काही नव्हते. मी तसे सांगितले. ते म्हणाले, “गोऱ्याचा हात न्हवं ह्यो. डग्ग्यावर मनगट कसं घासतंय बघ. आपला माणूस हाय. आपला माणूस साहेबाच्या घरात बसून वाजवतोय आन् त्येचं नाव न्हाई म्हंजे काय?”

पुढे पाच-सहा वर्षांनी पुण्यात एका स्नेह्याकडे मला त्या तबकडीचे मूळ वेष्टन पाहायला मिळाले. पुढच्या बाजूला काळ्या शाईने काढलेले चौघांचे चेहरे आणि त्यांच्या केसांत चिकटवलेली छायाचित्रे. मागच्या बाजूला गाण्यांची यादी आणि मुख्य गायकांची नावे. चौथ्या गाण्यापाशी बारीक अक्षरांत तबलावादकाचेही नाव छापले होते. अनिल भागवत. अक्षरे रोमन होती, पण वाचताना मनात देवनागरीच उमटली. भागवत! कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर सापडावे असे नाव. मागच्या पंगतीतला वाढपी ओळखीचा निघाला तो असा.

ते नाव तिथे कसे पोचले, तेही पुढे वाचायला मिळाले. लंडनमध्ये ‘एशियन म्युझिक सर्कल’ नावाची एक संस्था होती. मूळचे कर्नाटकाकडचे अयना अंगडी आणि त्यांची इंग्रज पत्नी पॅट्रिशिया यांनी ती 1946 साली काढली. हिंदुस्थानी संगीत तिकडच्या लोकांच्या कानांवर पडावे म्हणून ही दोघे खटपट करीत. 1965 साली एका गाण्यासाठी सतार वाजवताना हॅरिसनची तार तुटली आणि नवी तार मिळवण्याच्या निमित्ताने या संस्थेशी बीटल्सची ओळख झाली, असे सांगतात. 11 एप्रिल 1966 रोजी अंगडींनी भागवतांना दूरध्वनी केला आणि संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळे आहात का, असे विचारले. कोण जॉर्ज, हे भागवतांना कळले नाही. दाराशी रोल्स-रॉइस गाडी येऊन उभी राहिली तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. अ‍ॅबी रोडवरच्या त्या ध्वनिमुद्रणगृहाबाहेर बीटल्सची वाट पाहत पोरी चहाचे थर्मास आणि खाऊ घेऊन बसल्या होत्या. आत हॅरिसनने त्यांना काय हवे ते सांगितले. तबला सुराला लावून झाला. सोळा मात्रांचे काहीतरी वाजवा, रविशंकरांच्या वळणाचे, पण वाजवा तुमच्या मनाने, असे ठरले. तात्यांनी मांडीवर मोजलेल्या सोळा मात्रा बरोबर निघाल्या.

मला यात एक गंमत वाटते. त्या संध्याकाळी गाण्याला धड नावसुद्धा नव्हते. सफरचंदाच्या एका जातीवरून त्याला ‘ग्रॅनी स्मिथ’ म्हणत होते. पुढे जे नाव ठेवले तेही गाण्यात कुठे जसेच्या तसे येत नाही. स्वतःचे बारसे असे उरकणाऱ्या गाण्याने आपल्या तबलजीचे नाव मात्र नीट लिहून ठेवले. आपले नाव वेष्टनावर आले हे आपले भाग्य आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे, असे भागवतांनी वीस वर्षांनंतर सांगितले. कोट्यवधी लोकांनी ऐकलेल्या तबकडीवर वाजवल्याचा आनंद असणारच; पण त्यांना आठवत होते ते छापलेले नाव.

त्यानंतर हुपरीला गेलो तेव्हा मी तात्यांना मुद्दाम माडीवर जाऊन सांगितले.

“भागवत व्हय?” ते म्हणाले. थोडा वेळ गप्प राहिले. “छापलंय न्हवं?”

“छापलंय.”

“मग झालं,” असे म्हणून त्यांनी तार पुन्हा पकडीत धरली. मग म्हणाले, “लाव बघू एकदा.”

गाणे लावले. या वेळी ते समाधानाने ऐकत होते. एखाद्या मुलाचे स्थळ जमल्यावर माणूस ऐकतो तसे. गाणे संपत आले तेव्हा आईने कड्यांवरून मान वर न करता विचारले, “आन् मागनं ते घुमतंय, ते कोण वाजिवतंय?”

“तंबोरा हाय त्यो, वैनी,” तात्या म्हणाले.

“व्हय, पर वाजिवतंय कोण? त्याचं न्हाई व्हय नाव?”

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. वेष्टनावर ते नाव नव्हते. त्या संध्याकाळी त्याच संस्थेचे आणखी वादक तिथे आले होते. भागवतांचे नाव राहिले. तंबोऱ्याच्या तारा छेडणाऱ्याचे राहिले नाही. आयुष्यभर साथीदाराचे नाव विचारणाऱ्या तात्यांनाही तंबोऱ्याचे विचारायचे सुचले नव्हते. ते सुचले आईला. मला वाटते, त्यात आश्चर्य काही नाही. तबला निदान मधूनच पुढे येतो, टाळी घेतो. तंबोऱ्याला ती संधी नाही. तो पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत एकच काम करतो, आणि ते नीट केले तर कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ते बिघडले तरच. कड्या जोडण्याचे तसेच आहे. पैंजण पाहणारा घुंगरू पाहतो, नक्षी पाहतो, चकाकी पाहतो. साखळीकडे त्याचे लक्ष जाते ती तुटल्यावर.

पुढच्याच वर्षी, 1967 साली, हॅरिसनने ‘सार्जंट पेपर’ या तबकडीसाठी ‘विदिन यू विदाउट यू’ हे गाणे केले. ते तर जवळजवळ सगळेच हिंदी वाद्यांवर उभे आहे. त्या तबकडीचे मुखपृष्ठ जगप्रसिद्ध आहे. त्यावर नामांकित माणसांची जत्रा भरली आहे. हॅरिसनच्या आग्रहाने त्या गर्दीत चार हिंदी योग्यांचे चेहरेही आले. पण आत ज्यांनी वाजवले त्या हिंदी वादकांची नावे वेष्टनावर कुठेच आली नाहीत. योग्यांना नावाची गरज नव्हती, त्यांचे चेहरे छापले. वादकांना होती, त्यांची नावे गाळली. 1968 च्या जानेवारीत हॅरिसन मुंबईला आला आणि फोर्टमधल्या एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहात आपल्या वादकांना घेऊन बसला. तिथे मुद्रित झालेल्या वादनावर ‘दि इनर लाइट’ हे गाणे बांधले गेले आणि त्याच मार्चमध्ये एका छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूवर निघाले. तिच्यावरही वादकांची नावे नाहीत. त्याच मुक्कामात केलेल्या चित्रपटसंगीताच्या तबकडीवर मात्र ती आहेत : संतूरचे शिवकुमार शर्मा आहेत, बासरीचे केंकरे आहेत. तेव्हा नावे छापायची म्हटली तर छापता येतात. प्रश्न जागेचा नसतो, आठवणीचा असतो.

‘सार्जंट पेपर’वरच्या वादकांपैकी चौघांची नावे कित्येक दशकांनी लोकांनी शोधून काढली. दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर. तबल्यावर नटवर सोनी. आणि तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा. गुजराथीत गज्जर म्हणजे सुतार, कंसारा म्हणजे कासार आणि सोनी म्हणजे आमचाच सोनार. लंडनच्या त्या खोलीत आमच्या बलुत्याची अर्धी आळीच बसली होती म्हणायची. ही नावे माझ्या वाचनात आली तेव्हा आई राहिली नव्हती. तिने विचारले होते ते वेगळ्या गाण्याविषयी, हे खरे. पण एका वर्षाच्या अंतराने का होईना, तंबोऱ्यामागचा एक माणूस सापडला होता, आणि तो जातीने धातूचे काम करणाऱ्यांतला निघाला, हे ऐकून ती हसली असती.

कुणी म्हणेल, नाव कळल्याने गाणे बदलते का? भागवतांचे नाव न छापता तबला तसाच वाजला असता. अगदी बरोबर. सूर नावाने चढत नाही आणि चांदीचा टंच नावाने वाढत नाही. पण ज्या कामाला नाव नाही ते काम जाते तेव्हा त्याची बातमीही होत नाही. आमच्या गल्लीत साखळी विणणारी यंत्रे आली तेव्हा पहिल्यांदा कड्या जोडणाऱ्या बायकांचे काम गेले. यंत्र येणारच होते; राजकोट, सेलम, आग्रा यांच्याशी धंद्याची गाठ होती आणि हाताने जोडलेली साखळी भावात टिकत नव्हती. त्याबद्दल यंत्रावर रागावण्यात अर्थ नाही. पण किती जणींचे काम गेले, कुणाकुणाचे गेले, हे सांगायला कुठे नोंद नव्हती. दागिन्यावर छाप असते व्यापाऱ्याची आणि टंचाची. मुशीवाल्याची नसते, तारवाल्याची नसते, जोडणारीची तर नसतेच. एके दिवशी त्या ताटल्या समोर यायच्या थांबल्या, आणि आईची दुपार एकाएकी रिकामी झाली. तिने तक्रार केली नाही. तक्रार कुणाकडे करायची, आणि कुणाच्या नावाने?

तात्या आता थकले आहेत. ऐकू कमी येते. आकाशवाणीवर गाणे लागले की मात्र शेवटच्या वाक्याला अजून हात वर करतात, म्हणजे आम्ही बोलणे थांबवायचे. आपल्यालाही एवढेच सुचवावेसे वाटते. या दिवाळीत रेडिओवर, सभागृहात वा घरच्या यंत्रावर गाणे ऐकाल तेव्हा शेवटची नावे वाचून होईपर्यंत कान काढून घेऊ नका. आणि नावे संपल्यावर, जमले तर, आमच्या आईचा प्रश्नही एकदा मनाशी विचारून पाहा.

तिच्या पेटीत एक वही सापडली. रोज किती कड्या आणल्या, किती साखळी दिली, मजुरी किती झाली, याचा हिशेब तिने त्यात वर्षानुवर्षे लिहिला आहे. अक्षर मोठे, वळणदार, ओळ सोडून जाणारे. तारखा आहेत, वजने आहेत, व्यापाऱ्यांची नावे आहेत. तिचे स्वतःचे नाव कुठल्याच पानावर नाही. हिशेबात त्याची जरूर पडली नसावी. वहीच्या पुठ्ठ्यावर मात्र एक लेबल आहे आणि त्यावर नावही आहे. ते माझे आहे, इयत्ता चौथी. शाळेत माझी कोरी राहिलेली पाने तिने कामाला घेतली होती.